एकशे दहा दिवसांचे मंत्रिमंडळ

(मुस्लिम युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मित्रांनो आणि मैत्रिणींनो,

नवे सरकार आले की आपल्या मोहल्ल्यात, कॉलेजच्या कट्ट्यावर, व्हॉट्सॲपच्या गटात पहिला प्रश्न ठरलेला असतो : मंत्रिमंडळात आपले किती? २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतरही तो विचारला गेला. उत्तर सर्वांना माहीत आहे. २८८ आमदारांच्या सभागृहात मुस्लिम आमदार १० निवडून आले आणि डिसेंबरमध्ये शपथ घेतलेल्या मंत्रिमंडळात मुस्लिम मंत्री एक. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम साधारण साडेअकरा टक्के आहेत. हिशेब तुम्हीच करा.

हा प्रश्न चुकीचा आहे, असे मी म्हणणार नाही. ज्याला दारातच थांबवले जाते, तो आत किती जण गेले हे मोजणारच. पण हा प्रश्न अपुरा आहे. का, ते सांगण्यासाठी आज मी तुम्हाला अशा एका मंत्रिमंडळाची गोष्ट सांगणार आहे, ज्यात आपली संख्या फार चांगली होती. चार मंत्र्यांत एक मुस्लिम. दुसऱ्या एका प्रांतात तर चारांत दोन, आणि प्रमुखही मुस्लिमच. ती मंत्रिमंडळे ११० दिवस टिकली. त्यांतून आपल्या हाती काय आले, हे पाहण्यासारखे आहे.

गोष्ट १९३७ सालची आहे.

इंग्रज सरकारने १९३५ साली एक कायदा केला. त्याला आपण भारत सरकार कायदा म्हणतो. या कायद्याने प्रांतांना बरीचशी स्वायत्तता मिळाली. प्रांतात निवडून आलेले मंत्री कारभार पाहणार, शिक्षण, शेती, पोलीस, महसूल ही खाती त्यांच्याकडे जाणार, अशी ही व्यवस्था होती. मुख्यमंत्र्याला तेव्हा प्रांताचा पंतप्रधान म्हणत. मतदानाचा हक्क मात्र सर्वांना नव्हता. शेतसारा किंवा कर भरणारे, काही इयत्ता शिकलेले अशांनाच मत होते, म्हणजे लोकसंख्येच्या साधारण १४ टक्क्यांना. शिवाय मतदारसंघ विभक्त होते. मुस्लिमांसाठी वेगळ्या जागा आणि त्या जागांवर मतदान करणारेही फक्त मुस्लिम. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीला त्याचा संदर्भ आहे.

१९३६-३७ च्या हिवाळ्यात अकरा प्रांतांत निवडणुका झाल्या. आपला मुंबई प्रांत तेव्हा मोठा होता. त्यात आजचा पश्चिम महाराष्ट्र, कोकण, खानदेश, गुजरातचा काही भाग आणि धारवाड, बेळगाव, विजापूर हा कानडी मुलूख होता. सिंध एक वर्ष आधीच वेगळा झाला होता. मुंबईच्या विधानसभेत १७५ जागा होत्या आणि काँग्रेसला ८६ मिळाल्या. बहुमताला दोन कमी, पण सर्वांत मोठा पक्ष तोच. सरकार त्यांनीच करायचे, हे उघड होते.

पण काँग्रेसने सरकार केले नाही. कायद्यात गव्हर्नरला विशेष अधिकार दिले होते. मंत्र्यांनी घेतलेला निर्णय तो बाजूला सारू शकत होता. मार्च १९३७ मध्ये काँग्रेसने ठरवले की, गव्हर्नर या अधिकारांचा वापर करून रोजच्या कारभारात ढवळाढवळ करणार नाही, असे आश्वासन मिळाले तरच आम्ही मंत्रिपदे घेऊ. गव्हर्नरांनी आश्वासन दिले नाही. मुंबईत बाळासाहेब खेर यांना बोलावणे गेले, त्यांनीही नकार दिला.

१ एप्रिल १९३७ पासून कायदा अमलात यायचा होता. मंत्री तर हवेतच. मग गव्हर्नरांनी काय केले? बहुमत नसलेल्या मंडळींना बोलावून हंगामी मंत्रिमंडळे बनवली. मुंबई, मद्रास, संयुक्त प्रांत, बिहार, मध्य प्रांत-वऱ्हाड आणि ओरिसा अशा सहा प्रांतांत हे घडले. म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या हिशेबाने पाहिले तर मुंबई आणि नागपूर, दोन्हीकडे.

मुंबईत गव्हर्नर होते लॉर्ड ब्रेबोर्न. ब्रेबोर्न स्टेडियमच्या नावाने ते आजही मुंबईकरांना माहीत आहेत. त्यांनी बोलावले सर धनजीशा कूपर यांना. कूपर हे साताऱ्याचे पारशी उद्योजक. शेतीची अवजारे आणि इंजिने बनवणारा त्यांचा कारखाना सातारा परिसरात नावाजलेला होता. ब्राह्मणेतर पक्षाच्या राजकारणात त्यांचे वजन होते. १ एप्रिलला ते मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. त्यांच्यासोबत तीन मंत्री होते. जमनादास मेहता हे टिळकांच्या परंपरेतले आणि कामगार संघटनांत वावरलेले नेते. सर सिद्दप्पा कांबळी हे कर्नाटकातले ब्राह्मणेतर पुढारी. आणि चौथे हुसेनअली रहिमतुल्ला.

जरा या चौघांकडे पाहा. एक पारशी, एक गुजराती भाषक हिंदू, एक कानडी, एक मुस्लिम. सिंध वेगळा झाल्यावर मुंबई प्रांतात मुस्लिमांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत होते आणि मंत्रिमंडळात चौथा हिस्सा. आजच्या भाषेत सांगायचे तर सर्वसमावेशक मंत्रिमंडळ. शपथविधीचा फोटो काढला तर सर्वांचे चेहरे त्यात दिसावेत, असे. चौघेही अनुभवी होते, सार्वजनिक जीवनात नाव मिळवलेले होते. त्यांच्या लायकीबद्दल माझी तक्रार नाही. कमी होती ती एकाच गोष्टीची. त्यांच्या मागे सभागृह नव्हते.

आता बिहारकडे जाऊ, कारण आपल्यासाठी खरा धडा तिथे आहे.

बिहारमध्ये इमारत-ए-शरिया नावाची संस्था १९२१ मध्ये स्थापन झाली होती. तिच्यामागचे मोठे नाव मौलाना अबुल महासिन मोहम्मद सज्जाद. हे मौलाना इंग्रजांच्या विरोधात होते, हिंदू-मुस्लिमांनी एकत्र राहून स्वातंत्र्य मिळवावे या मताचे होते आणि पुढे फाळणीच्या मागणीलाही त्यांनी विरोध केला. निवडणुकीच्या तोंडावर, १९३६ मध्ये, त्यांच्या पुढाकाराने मुस्लिम इंडिपेंडंट पार्टी उभी राहिली. पाटण्याचे बॅरिस्टर मोहम्मद युनूस हे तिचे पुढारी. काँग्रेसशी त्यांचे बऱ्यापैकी जमत होते. बिहारमधल्या मुस्लिमांच्या ४० जागांपैकी सर्वाधिक जागा या पक्षाने जिंकल्या. मुस्लिम लीगला बिहारमध्ये १९३७ साली एकही जागा मिळाली नाही. हे वाक्य नीट ऐका, थोड्या वेळाने मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

१५२ जागांच्या त्या विधानसभेत काँग्रेसला स्पष्ट बहुमत होते. पण आश्वासनाच्या मुद्द्यावर तिने सरकार नाकारले, आणि गव्हर्नरांनी बॅरिस्टर युनूस यांना बोलावले. ते बिहारचे पहिले पंतप्रधान झाले. त्यांच्या मंत्रिमंडळात अब्दुल वहाब खान, गुरुसहाय लाल आणि कुमार अजितप्रसाद सिंग देव होते. चारांत दोन मुस्लिम, दोन हिंदू. बिहारमध्ये मुस्लिमांचे प्रमाण तेव्हा साधारण आठवा हिस्सा.

युनूस यांनी हे पद का स्वीकारले? त्यांची बाजूही आपण समजून घेतली पाहिजे. कोणीतरी कारभार करायलाच हवा, नाहीतर गव्हर्नर सगळे अधिकार स्वतःकडे घेईल. मग निवडून आलेल्या माणसांनी चार दिवस का होईना, लोकांची कामे का करू नयेत? शिवाय आजवर जो समाज मागे राहिला, त्यातला एक माणूस प्रांताच्या प्रमुखपदी बसतो आहे, ही संधी पुन्हा येईलच असे नाही. हा युक्तिवाद पोकळ नव्हता.

पण रस्त्यावर चित्र वेगळे होते. पाटण्यात या मंत्रिमंडळाविरुद्ध निदर्शने झाली आणि त्यांत जयप्रकाश नारायण यांच्यासारखे तरुण समाजवादी पुढे होते. त्यांचे म्हणणे साधे होते. लोकांनी मते एकाला दिली आणि खुर्चीवर बसवला गव्हर्नरने दुसऱ्याला. हे मंत्रिमंडळ लोकांना नाही, लाटसाहेबाला जबाबदार आहे.

दोन्ही बाजू प्रामाणिक असू शकतात, पण दोन्हींचे वजन सारखे नाही. एका साध्या कसोटीवर ते ठरते. हे मंत्री विधानसभेपुढे उभे राहिले का?

नाही राहिले. विधानसभेत गेले की अविश्वासाचा ठराव येणार आणि त्याच दिवशी सरकार पडणार, हे सर्वांना माहीत होते. म्हणून अधिवेशन बोलावलेच गेले नाही. निवडून आलेले आमदार घरी बसलेले आणि मंत्री कचेरीत. पण ते किती दिवस चालणार? सहा महिन्यांच्या आत विधानसभा बोलवावी लागणारच होती. हंगामी मंत्रिमंडळांचे आयुष्य जन्मापासूनच मोजलेले होते.

जूनमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एक निवेदन केले. काँग्रेसने मागितले होते तसे स्पष्ट आश्वासन त्यात नव्हते, पण सूर नरमाईचा होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात काँग्रेस कार्यकारिणी आपल्या वर्ध्याला जमली आणि तिने मंत्रिपदे स्वीकारायला परवानगी दिली. झाले. हंगामी मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबईत १९ जुलै १९३७ रोजी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने सूत्रे घेतली. आणि मुंबई विधानसभेची पहिली बैठक पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये कधी भरली? त्याच दिवशी, १९ जुलैला. म्हणजे कूपर मंत्रिमंडळ गेले आणि सभागृहाचे दार उघडले. पुण्यात कधी कौन्सिल हॉलवरून गेलात तर ही तारीख आठवा.

१ एप्रिल ते १९ जुलै : ११० दिवस. चार मंत्री. सभागृहात एकाही प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले नाही.

इथे एक प्रश्न पडतो. गेले ते मंत्रिमंडळ, संपली गोष्ट. त्यात आपले काय बिघडले?

बिघडले ते नंतर. खेर मंत्रिमंडळात सात मंत्री होते : बाळासाहेब खेर, अण्णासाहेब लठ्ठे, कन्हैयालाल मुन्शी, मोरारजी देसाई, डॉ. गिल्डर, एल. एम. पाटील आणि बॅरिस्टर मोहम्मद यासिन नुरी. एक मुस्लिम मंत्री होता, तोही काँग्रेसमध्ये आलेला. लीगशी बोलणी झाली होती, पण ती फिसकटली. मुस्लिम मतदारांनी ज्यांना निवडून दिले, त्यांच्यापैकी बहुतेक बाहेर राहिले. बिहारमध्ये श्रीकृष्ण सिन्हा यांच्या मंत्रिमंडळात डॉ. सय्यद महमूद हे काँग्रेसचे मुस्लिम नेते होते. पण मुस्लिम इंडिपेंडंट पार्टीला, ज्यांच्याशी कालपर्यंत जमत होते त्यांना, जागा मिळाली नाही. हंगामी मंत्रिमंडळामुळे कटुता आलेलीच होती. मौलाना आझादांनी ‘इंडिया विन्स फ्रीडम’मध्ये मुंबईत नरिमन आणि बिहारमध्ये सय्यद महमूद यांना नेतृत्वापासून डावलले गेल्याची खंत नोंदवली आहे. त्यांच्या मांडणीबद्दल मतभेद आहेत, ते असोत. पण ती खंत त्यांच्यासारख्या काँग्रेसच्या माणसाला वाटली, हेच पुरेसे बोलके आहे.

आता मघाचे वाक्य आठवा. १९३७ मध्ये बिहारमध्ये मुस्लिम लीगची संख्या शून्य. नऊ वर्षांनी, १९४६ च्या निवडणुकीत, त्याच बिहारमध्ये ४० पैकी ३४ मुस्लिम जागा लीगने जिंकल्या. मुंबई प्रांतात तर ३० पैकी ३०.

केवळ एका हंगामी मंत्रिमंडळामुळे हे झाले, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. त्यामागे महायुद्ध होते, इंग्रजांचे राजकारण होते, दंगली होत्या, विभक्त मतदारसंघ होते, काँग्रेसचा ताठा होता, लीगचा प्रचार होता. पण एक धागा मला स्पष्ट दिसतो. मौलाना सज्जाद आणि युनूस यांच्यासारखा, एकत्र राहण्याची भाषा बोलणारा आणि तरी स्वतःच्या पायावर उभा असलेला एक मुस्लिम राजकीय प्रवाह बिहारमध्ये होता. तो दोन बाजूंनी चिरडला गेला. गव्हर्नरने दिलेली खुर्ची घेतल्यामुळे त्याची लोकांमधली पत घटली. आणि बहुमत हाती आल्यावर काँग्रेसने त्याला सोबत घेण्याचा मोठेपणा दाखवला नाही. मधली जागा मोकळी झाली. राजकारणात मोकळी जागा मोकळी राहत नाही.

म्हणून मी दोन्ही गोष्टी एकत्र सांगतो. अल्पसंख्याकांनी वरून मिळालेल्या खुर्चीला प्रतिनिधित्व समजू नये. आणि बहुसंख्याकांच्या पक्षांनी आकड्यांत आपल्याला गरज नाही म्हणून अल्पसंख्याकांच्या निवडून आलेल्या माणसांना दाराबाहेर ठेवू नये. पहिली चूक आपल्याला महागात पडते, दुसरी संपूर्ण देशाला.

मग कोणी विचारेल, ज्यांच्याकडे संख्या नाही त्यांनी करायचे तरी काय? याचेही उत्तर त्याच सालात, त्याच सभागृहात आहे.

मुंबई विधानसभेत १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष होता. आदल्या वर्षीच स्थापन झालेला, मोजक्या आमदारांचा पक्ष. त्यांच्याकडे मंत्रिपद नव्हते. ते विरोधी बाकांवर बसले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी सभागृहात खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणातल्या मुलामुलींना खोती काय होती हे आजोबांकडून ऐकायला मिळाले असेल. सरकार आणि कुळ यांच्या मध्ये बसून कुळाला नाडणारा जो मध्यस्थ, तो खोत. खोत ब्राह्मण होते, मराठे होते, मुस्लिमही होते. आणि कुळांमध्येही सर्व जातिधर्मांची माणसे होती. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. पण प्रश्न सभागृहाच्या दप्तरात आला, तो कोणालाही पुसता आला नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला.

तुलना करून पाहा. एकीकडे चार खुर्च्या आणि सभागृह नाही. दुसरीकडे खुर्ची एकही नाही, पण सभागृह आहे आणि रस्त्यावर माणसे आहेत. कोणाचे काम टिकले? आणखी एक गोष्ट पाहा. खोतीचा प्रश्न बाबासाहेबांनी फक्त आपल्या समाजाचा म्हणून मांडला नाही. तो कुळांचा प्रश्न होता, म्हणून त्याच्यामागे माणसे उभी राहिली.

आपल्याच राज्यातले एक उदाहरण देतो. बॅरिस्टर अ. र. अंतुले जून १९८० ते जानेवारी १९८२ या काळात मुख्यमंत्री होते. महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. त्यांना का जावे लागले, न्यायालयात काय झाले, हा वेगळा विषय आहे आणि तोही अभ्यासला पाहिजे. पण दीड वर्षात जालना आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे झाले, कुलाब्याचे रायगड झाले, निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. आज गावातली विधवा बाई तहसील कचेरीत ‘संजय गांधी’चे पैसे आले का म्हणून विचारते, ती जातीची कोणीही असो. अंतुले यांच्या मागे निवडून आलेले बहुमत होते, म्हणून निर्णय झाले. अल्पकाळाचे सरकार वाईटच असते असे नाही. सभागृहाचा आधार नसलेले सरकार आणि सभागृहाचा आधार असलेले अल्पकाळाचे सरकार, यांत फरक आहे.

आता संविधानाकडे येतो. घटनाकारांनी १९३५ च्या कायद्यातून पुष्कळ घेतले, पण अनुभवातून शिकूनही घेतले. अनुच्छेद १६४ काढून वाचा, मराठीत उपलब्ध आहे. राज्यपाल मुख्यमंत्र्याची नेमणूक करतील, मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने इतर मंत्र्यांची. आणि मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. सगळी लोकशाही या शेवटच्या वाक्यात आहे. मंत्री राज्यपालांना जबाबदार नाही, पक्षप्रमुखाला नाही, आपल्या धर्माच्या संघटनेलाही नाही. विधानसभेला जबाबदार आहे. १९९४ च्या बोम्मई निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितले की, बहुमत आहे की नाही हे राजभवनात नाही, सभागृहात ठरेल.

तरीही १९३७ ची सावली अधूनमधून दिसते. २३ नोव्हेंबर २०१९ आठवतो का? तुमच्यातले काही जण तेव्हा शाळेत असतील. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची आणि अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मंत्रिमंडळ दोघांचेच. २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत बहुमत चाचणी घ्या, असा आदेश दिला. त्याच दुपारी दोघांनी राजीनामे दिले. सभागृहाचे नाव काढताच सरकार गेले. १९३७ मध्ये जे व्हायला ११० दिवस लागले, ते २०१९ मध्ये चार दिवसांत झाले. कारण मध्ये संविधान आले होते.

दुसरी बाजूही सांगतो, म्हणजे मी एकाच पक्षाला धरून बोलतो असे वाटायला नको. जून २०२२ मध्ये राज्यपालांनी उद्धव ठाकरे यांना बहुमत चाचणीला सामोरे जायला सांगितले. चाचणी ३० जूनला होती. २९ जूनला त्यांनी राजीनामा दिला. पुढे ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने म्हटले की, राज्यपालांचा चाचणी बोलावण्याचा निर्णय समर्थनीय नव्हता. पण ठाकरे सभागृहाला सामोरे न जाता राजीनामा देऊन मोकळे झाले, म्हणून त्यांचे सरकार पुन्हा आणता येत नाही. सभागृहासमोर उभे राहण्याला एवढी किंमत आहे. हरणार हे माहीत असले तरी तिथे उभे राहावे लागते.

आणि त्यानंतर? ३० जूनला एकनाथ शिंदे आणि फडणवीस यांनी शपथ घेतली. मंत्रिमंडळाचा विस्तार ९ ऑगस्टला झाला. ४० दिवस राज्याचे मंत्रिमंडळ दोघांचे. अनुच्छेद १६४ मध्ये २००३ साली केलेली दुरुस्ती सांगते की, राज्यातल्या मंत्र्यांची संख्या मुख्यमंत्र्यांसह १२ पेक्षा कमी नसावी आणि विधानसभेच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. पावसाळ्याचे दिवस होते, पालकमंत्री नव्हते. त्या ४० दिवसांत आपल्यापैकी किती जणांनी हा प्रश्न विचारला? मंत्रिमंडळात आपले किती, हे विचारायला आपण अधीर होतो. मंत्रिमंडळच आहे का, हे विचारायला हवे होते.

आता शेवटी, तुम्ही काय करू शकता ते सांगतो. भाषण ऐकून टाळ्या वाजवून घरी जाण्यासाठी आपण जमलो नाही.

पहिले काम. आपल्या मतदारसंघाचा आमदार कोणत्याही धर्माचा, कोणत्याही पक्षाचा असो, गेल्या अधिवेशनात त्याने किती तारांकित प्रश्न विचारले, किती लक्षवेधी सूचना मांडल्या, ते शोधा. विधिमंडळाचे कामकाज संकेतस्थळावर मिळते. त्याचा एक पानाचा गोषवारा करा, मराठीत आणि उर्दूत, आणि मोहल्ल्यात वाटा. आमदाराला जेव्हा कळेल की कोणीतरी हे वाचते आहे, तेव्हा पुढच्या अधिवेशनात फरक दिसेल.

दुसरे. मंत्री कोण, यासोबत पैसा कुठे, हे विचारा. अल्पसंख्याक विकास विभागाला अर्थसंकल्पात किती तरतूद झाली, त्यातली किती खर्च झाली, तुमच्या जिल्ह्यात किती आली. माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज होतो. एका चांगल्या अर्जाचे काम कधीकधी एका मंत्र्यापेक्षा जास्त असते.

तिसरे. सभागृह म्हणजे फक्त विधानसभा नव्हे. ग्रामसभा हेही सभागृह आहे. नगरपालिकेची सर्वसाधारण सभा, महापालिकेतली प्रभाग समिती, शाळेची व्यवस्थापन समिती, मशिदीची आणि वक्फची कमिटीसुद्धा. तिथे हिशेब मागायला शिका. घरच्या कमिटीत वर्षानुवर्षे जमाखर्च मांडला जात नसेल, मुलींना बोलू दिले जात नसेल, तर मुंबईतल्या मंत्रिमंडळाला जबाबदारी शिकवण्याचा आपला हक्क थोडा लंगडाच राहतो.

चौथे. प्रश्न मांडताना तो कोणाकोणाचा आहे, ते पाहा. यंत्रमाग कामगाराचे वीजबिल, वस्तीतली गळकी जलवाहिनी, शिष्यवृत्तीचा अडकलेला हप्ता, झोपडपट्टीचे पुनर्वसन, हे आपले प्रश्न आहेत आणि शेजारच्या वस्तीचेही आहेत. शेजाऱ्याला सोबत घेऊन गेलात तर आमदाराला तुम्हाला मोजावेच लागते.

आणि मंत्रिमंडळात आपले किती, हा प्रश्न? तो विचारत राहा. साडेअकरा टक्के लोकांच्या वाट्याला एक मंत्रिपद, हे निरोगी राज्याचे लक्षण नाही आणि ते सांगताना आपण कचरू नये. फक्त त्याला आणखी दोन प्रश्न जोडा. तो मंत्री कोणाच्या बळावर तिथे बसला आहे? आणि तो कोणासमोर उत्तर देतो?

बॅरिस्टर युनूस यांची जयंती आता बिहारमध्ये ४ मे रोजी सरकारी पातळीवर साजरी होते. ते योग्यच आहे, पहिल्या पंतप्रधानाचा मान त्यांचा आहे. पण त्यांच्या आयुष्यातली उणीव आपण विसरू नये. एवढा हुशार माणूस प्रांताच्या सर्वोच्च पदावर ११० दिवस राहिला आणि पंतप्रधान म्हणून सभागृहात एकदाही बोलू शकला नाही.

तुमच्यापैकी जे कोणी उद्या निवडून जाल, नगरसेवक व्हाल, आमदार व्हाल, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. खुर्ची मिळेल, न मिळेल. सभागृह सोडू नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ या. कठीण असतील तर आधी विचारा.